मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, पैशांचं गणित बसत नाही. जाणकारांनी वाट दाखवा

शिवारातला
२ ऑगस्ट, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. इथं दोन वर्षं नुसता वाचायला येतो, लिहितोय आज पहिल्यांदा. शब्द इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या.

बार्शी तालुक्यात आमची साडेचार एकर जिराईत. सोयाबीन, तूर, रब्बीला ज्वारी. थोरल्या मुलीला सीईटीत चांगले गुण पडले आणि कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या, फेरीत पुण्यातल्या एका विनाअनुदानित कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागला. आमच्या भावकीत गावाबाहेर शिकायला जाणारी ही पहिलीच पोरगी. दिवसभर फोन वाजत होता, शेजारच्यांनी पेढे आणून दिले. रात्री मी आणि मंडळी फीचा कागद घेऊन बसलो आणि दोघंही गप्प झालो.

शिक्षण शुल्क १ लाख १८ हजार, विकास शुल्क १२ हजार, होस्टेल आणि मेस धरून ९५ हजार. म्हणजे वर्षाला सव्वादोन लाख आणि चार वर्षांचे ९ लाख. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला १ लाख ८० हजारांचा आहे. आम्ही ओबीसी. धाकटा दहावीला आहे, त्याचंही पुढं आहेच.

समोर दोन वाटा दिसतात. रस्त्याकडेचा एक एकर घ्यायला शेजारी तयार आहे. नाहीतर गावातला एक जण तीन रुपये शेकड्यानं देतो म्हणाला. मेव्हणे म्हणतात, बार्शीतच बीएस्सीला घाला, कशाला एवढा घोर. पोरगी काही बोलत नाही, पण आज जेवली नाही. चार दिवसांत प्रवेश निश्चित करायचाय. काय करू?

माजी_लिपिक_कराड
२ ऑगस्ट, रात्री ११:३५

भाऊ, आधी त्या एकराचा विषय बाजूला ठेवा आणि शेकड्यावाल्याला तर उद्या सकाळीच नको म्हणून कळवा. तीन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला ३६ टक्के. एक लाख उचलले तर चार वर्षांत नुसतं व्याज १ लाख ४४ हजार, मुद्दल आहे तिथंच.

मी २७ वर्षं कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात काम केलं. तुमच्यासारखे वडील टेबलासमोर उभे राहायचे आणि निम्म्यांना माहीतच नसायचं की आपल्याला फी भरायचीच नाहीये. तुमच्या मुलीचं तसंच आहे. नीट वाचा.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी या तिन्हींतल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के शासन भरतं. आधी हे ५० टक्के होतं. दोन अटी फार महत्त्वाच्या. प्रवेश कॅपमधून झालेला हवा, आणि कॉलेज खाजगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठाचं नको. तुमची मुलगी दोन्हींत बसते. म्हणजे तुमच्या सव्वादोन लाखांतले १ लाख १८ हजार गेले. विकास शुल्काचे १२ हजार मात्र तुम्हालाच भरावे लागतील, ते या योजनेत येत नाही.

आता उद्या उठल्यावर करायचं काम. मुलीचं नॉन-क्रिमीलेअर (ओबीसीतल्या सधन गटात मोडत नसल्याचं) प्रमाणपत्र कपाटातून काढा आणि त्यावरच्या तारखेवर बोट ठेवून वाचा. ते चालू आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलं पाहिजे. मागच्या मार्चला संपलेलं प्रमाणपत्र घेऊन आलेली किती मुलं मी परत पाठवली असतील, आठवलं तरी वाईट वाटतं. त्यांच्या डोळ्यांसमोर जागा जायची. जात पडताळणी झालीय का तेही सांगा.

बाकीचं उद्या लिहिते. पोरीला आत्ता उठवून जेवायला घाला.

चिपळूणचा_काका
३ ऑगस्ट, सकाळी ७:१०

माजी लिपिकताईंनी 'कॅपमधून' यावर जोर दिलाय, तो का ते माझ्या अनुभवावरून सांगतो.

माझ्या मुलाला कॅपमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातलं एक साधं कॉलेज मिळत होतं. त्याच वेळी एका खाजगी विद्यापीठाच्या इमारतीला आम्ही भुललो. काचेच्या भिंती, एसी ग्रंथालय. थेट प्रवेश घेतला. आम्ही खुल्या प्रवर्गातले, उत्पन्न साडेपाच लाख. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत ८ लाखांच्या आतल्यांना निम्मं शिक्षण शुल्क आणि निम्मं परीक्षा शुल्क मिळतं, हे मला तेव्हा अर्धवट माहीत होतं. प्रवेशाच्या टेबलावर विचारलं तर 'होईल, बघू' असं उत्तर आलं. महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज भरायला बसलो तर यादीत संस्थेचं नावच नाही. कुणाला बोलणार? नियम आधीपासून लिहिलेलाच होता, मी वाचला नव्हता. चारही वर्षांची पूर्ण फी खिशातून गेली आणि बायकोच्या पाटल्या मोडल्या.

म्हणून कळकळीनं सांगतो. कॉलेज निवडतानाच मदत ठरते, नंतर नाही. व्यवस्थापन कोटा, संस्थास्तरावरचा प्रवेश, खाजगी विद्यापीठ यांतलं काहीही घेतलं की या योजनांचं दार बंद.

खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी अजून एक. कॅपचे पर्याय भरताना टीएफडब्ल्यूएस म्हणून वेगळा पर्याय असतो. मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा असतात, उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि शिक्षण शुल्क पूर्ण माफ. गुण चढे लागतात आणि नंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही, पण ज्याला मिळतं त्याच्या घरचं ओझं निम्म्यानं उतरतं. हा पर्याय वेगळा भरावा लागतो, आपोआप मिळत नाही.

शिवारातला
३ ऑगस्ट, दुपारी १:२५

ताई, तुमचा निरोप वाचून रात्रीच मंडळींना उठवलं. खरंच रडलो दोघं. शुल्क माफीचं गावात कुणी बोललं नाही, तालुक्याला ज्या दुकानात कॅपचा फॉर्म भरला तिथंही नाही.

नॉन-क्रिमीलेअर बघितलं, तारीख पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत आहे. जात पडताळणी बारावीत असतानाच शाळेतून अर्ज करून झाली होती, तिच्या सरांची कृपा. पण आज कॉलेजात फोन लावला तर म्हणाले, आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. आता?

माजी_लिपिक_कराड
३ ऑगस्ट, दुपारी २:४०

भरू नका. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये असे शासनाचे निर्देश आहेत. फोनवर भांडण करू नका, उपयोग होत नाही. मुलीच्या नावानं साध्या कागदावर प्राचार्यांना अर्ज लिहा: माझा प्रवेश कॅप फेरीतून झाला आहे, मी ओबीसी प्रवर्गातील असून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अमुक आहे, ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार मी शुल्क माफीस पात्र आहे, तरी केवळ उर्वरित शुल्क घेऊन प्रवेश निश्चित करावा. सोबत शासन निर्णयाची प्रत, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात आणि पडताळणी प्रमाणपत्र. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. त्या शिक्क्यात फार जोर असतो, मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. तरीही ऐकलं नाही तर तंत्रशिक्षण संचालनालयाच्या विभागीय सहसंचालकांकडे तीच प्रत द्यायची. पुण्यात कार्यालय आहे.

आणि मागितलेली फी शुल्क नियामक प्राधिकरणानं त्या कॉलेजला ठरवून दिलेल्या फीइतकीच आहे का, तेही बघून घ्या. प्रत्येक कॉलेजचे आकडे जाहीर असतात. 'इतर', 'संकीर्ण', 'ओळख' असल्या नावांनी पाच-दहा हजार वर लावले असतील तर पावती मागायची.

आता राहण्या-खाण्याचं. ओबीसी, विजाभज (विमुक्त जाती, भटक्या जमाती) आणि विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग) विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. घरापासून दूर शिकणाऱ्या आणि सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना पुणे-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजार मिळतात. त्यात भोजन ३२ हजार, निवास २० हजार आणि निर्वाह ८ हजार असे धरलेले असतात. उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, तुमचं आहे. संख्या मर्यादित असते, जिल्ह्याला ६००, म्हणून जाहिरात निघाली की पहिल्या आठवड्यात अर्ज. इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा.

हे पैसे लगेच येत नाहीत. वर्ष उलटायला येतं कधी कधी. तेवढ्या काळाची सोय हातात ठेवावीच लागेल.

यवतमाळची_संध्या
३ ऑगस्ट, रात्री ९:०५

काका, अभिनंदन. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली, नागपुरात शिकले. आता नोकरीला आहे. आम्ही बौद्ध. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिच्यावरच माझी खोली आणि डबा चालला. फी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून. तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख.

मला एकच गोष्ट सांगायची आहे, पण ती फार जीव जाळते. दुसऱ्या वर्षी माझे स्वाधारचे पैसे 'जमा' दाखवत होते आणि खात्यात काहीच नाही. खोलीमालक रोज विचारे. मी समाजकल्याणच्या कार्यालयात चार चकरा मारल्या, दर वेळी एकच उत्तर, आमच्याकडून गेले. शेवटी एका म्हाताऱ्या शिपायानं विचारलं, बाई, आधार कोणत्या खात्याला जोडलंय? मी म्हटलं, फॉर्ममध्ये हेच खातं लिहिलंय. ते म्हणाले, फॉर्ममधलं नाही, आधारचं सांगा.

झालं असं होतं की त्याच उन्हाळ्यात आईनं गावात एका शिबिरात माझं नवीन खातं उघडून घेतलं होतं आणि तिथं आधार जोडलं गेलं. थेट लाभाचे पैसे ज्या खात्याशी आधार सगळ्यात शेवटी जोडलंय तिथंच जातात, फॉर्मवर काहीही लिहा. पैसे तीन महिने गावच्या खात्यात पडून होते आणि मी इकडं एक वेळ जेवून दिवस काढत होते.

काका, तुमच्या मुलीचं आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर आजच बघा. आणि पुढची चार वर्षं कुणी कितीही आग्रह केला तरी तिच्या नावानं नवीन खातं उघडू नका.

बँकेतला_माणूस
४ ऑगस्ट, सकाळी ८:३०

सरकारी बँकेत शाखा सांभाळतो, शैक्षणिक कर्जं रोज हाताखालून जातात.

फी सुटली तर तुमचा खर्च राहतो विकास शुल्क आणि होस्टेल, वर्षाला साधारण १ लाख ७ हजार. सावित्रीबाई फुले आधार योजना मिळाली तर तोही निम्म्याच्या खाली येतो. म्हणजे चार वर्षांचं ४ लाखांचं कर्ज पुरे आहे, ९ लाखांचं नव्हे. ४ लाखांपर्यंत तारण नाही, जामीनदार नाही आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. वडील किंवा आई सहकर्जदार. साडेसात लाखांपर्यंत सरकारची कर्ज हमी असते, त्यामुळे तिथंही बँकेला तुमची जमीन नको असते. सातबाऱ्यावर बोजा चढवा असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नियम विचारा.

एक हिशेब मांडतो, कारण मुलांना हा कुणी दाखवत नाही. दर वर्षी सुरुवातीला १ लाख उचलले, व्याज १० टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं, सरळ व्याजानं. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५० हजार, दुसऱ्यावर ४०, तिसऱ्यावर ३०, चौथ्यावर २०. एकूण १ लाख ४० हजार. म्हणजे हप्ते सुरू होताना डोक्यावर ५ लाख ४० हजार. दहा वर्षांनी फेडायचं तर महिना सुमारे ७,१०० रुपये.

आता समजा तुम्ही व्याज त्या त्या महिन्याला भरत गेलात. पहिल्या वर्षी महिन्याला ८३३ रुपये. दुसऱ्या वर्षी १,६६७. चौथ्या वर्षी ३,३३३. शेवटी डोक्यावर फक्त ४ लाख आणि हप्ता साधारण ५,३०० रुपये. दहा वर्षांत हप्त्यांतले सव्वादोन लाख वाचतात, त्यासाठी आधी भरले १ लाख ४० हजार. शिवाय व्याज वेळेवर भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात. ८३३ रुपये म्हणजे दुधाचा एक आठवड्याचा पगार. जमत असेल तर हे नक्की करा.

व्याज सवलतीच्या दोन योजना कानावर येतील. एक जुनी केंद्राची, ४ लाख ५० हजारांच्या आतल्या उत्पन्नाला, तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रम आणि मूल्यांकन झालेली संस्था असेल तर हप्ते सुरू होईपर्यंतचं पूर्ण व्याज सरकार भरतं. दुसरी पीएम विद्यालक्ष्मी, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. ती ठरावीक दर्जेदार संस्थांसाठीच आहे, ८ लाखांच्या आतल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत. पण सरकारी शिष्यवृत्ती किंवा शुल्क परतावा घेणाऱ्याला ती ३ टक्क्यांची सवलत नाही. तुमच्यासाठी शुल्क माफीच कितीतरी मोठी आहे, तेव्हा तिच्या मागं लागू नका. जुन्या योजनेचं शाखेत विचारा, मिळाली तर उत्तम, पण घरचं गणित ती धरून करू नका.

ओबीसी महामंडळाचीही व्याज परतावा योजना आहे, देशांतर्गत शिक्षणाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला. बँकेतून कर्ज मंजूर झालं की तिथं जाऊन चौकशी करा.

गावातल्या शाखेनं 'कॉलेज पुण्यात आहे, तिथं जा' आणि पुण्याच्या शाखेनं 'घर बार्शीला आहे, तिथं जा' म्हटलं तर घाबरू नका. राहण्याचा पत्ता शाखेच्या क्षेत्रात नाही म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच बजावलंय. आणि अर्ज नाकारायचा तर शाखेला वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते. तेव्हा तोंडी नकार घेऊन परत फिरू नका. अर्ज द्या, पोच घ्या.

भावकी_नको
४ ऑगस्ट, दुपारी १२:१५

माझं मत वेगळं आहे, कुणाला राग येऊ नये. मुलीच्या नावावर कर्ज म्हणजे उद्या लग्नाच्या वेळी तो विषय निघणार. सासरचे म्हणणार आधी कर्ज फेडा. माझ्या चुलत बहिणीचं जमलेलं असंच फिसकटलं. त्यापेक्षा अर्धा एकर विकून मोकळं व्हावं, जमीन पुन्हा घेता येते.

नाशिकची_लेक
४ ऑगस्ट, दुपारी ३:५०

भावकी_नको, तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पण मी स्वतः हे कर्ज काढलं आणि फेडलं आहे, म्हणून बोलते.

२०११ ला माझ्या नावावर साडेतीन लाख होते. आत्यानं हेच म्हटलं होतं. नोकरी लागल्यावर पहिला हप्ता माझ्या पगारातून गेला, त्या दिवशी वडिलांनी फोन करून नुसतं 'गेला का गं?' एवढं विचारलं आणि बराच वेळ कुणीच बोललं नाही. लग्न ठरताना मीच पहिल्या भेटीत सांगितलं की तीन वर्षं माझा हप्ता आहे आणि तो मीच भरणार. ज्यांना चाललं नाही ते गेले. ज्याला चाललं त्याच्याशी संसार चालू आहे.

जमीन पुन्हा घेता येते म्हणता, पण साडेचार एकरवाल्यानं रस्त्याकडेचा तुकडा विकला की तो परत येत नाही, हे आपल्या सगळ्यांच्या घरात घडलंय. आणि धाकटा दहावीला आहे. आज बहिणीसाठी विकली तर उद्या त्याच्यासाठी काय विकणार?

हप्ते भरताना एक लक्षात ठेवा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट मिळते, आठ वर्षांपर्यंत. जुनी करप्रणाली निवडली तरच, आणि फक्त व्याजावर, मुद्दलावर नाही. शेकड्यावाल्याच्या किंवा मामाच्या उसनवारीवर ती मिळत नाही.

पुण्यातला_पाहुणा
४ ऑगस्ट, रात्री १०:२०

होस्टेलच्या ९५ हजारांबद्दल. कॉलेजच्या होस्टेलला लगेच पैसे भरू नका. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यापाड्यांतल्या गरजू मुलामुलींची राहण्या-जेवण्याची सोय करते. मुलाखत घेऊन गरज बघून निवड होते आणि खर्च बाहेरच्या मानानं फार कमी. मी तिथंच राहिलो. लातूर जिल्ह्यातनं आलो तेव्हा मला नीट चार वाक्यं बोलता येत नव्हती, तिथल्या मुलांनी आणि कार्यकर्त्यांनी मला घडवलं. उद्याच चौकशी करा.

कॉलेज पुणे विद्यापीठाशी संलग्न असेल तर कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची कमवा व शिका योजनाही असते, ग्रंथालयात किंवा कार्यालयात ठरावीक तास काम आणि तासावर मानधन. रक्कम मोठी नसते, पण मेसचा काही भाग आणि झेरॉक्स त्यात निघतात. विद्यार्थी कल्याण अधिकाऱ्यांना भेटायचं. पहिल्या सत्रात मात्र पोरीला अभ्यासात रुळू द्या, गणितं आणि मेकॅनिक्स डोकं खातात.

माजी_लिपिक_कराड
५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

कर्मवीरांचं नाव निघालं म्हणून दोन ओळी. माझे वडील साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगात शिकले. १९२४ साली कर्मवीरांनी ते काढलं आणि पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. वडील म्हणायचे, त्या माउलीचं अन्न खाल्लंय, कुणाचं काम अडवायचं नाही. मी टेबलावर बसले तेव्हा ते वाक्य डोक्यात ठेवूनच बसले.

शिवारातला भाऊ, महाडीबीटीचं राहिलेलं सांगते. अर्ज मुलीनं स्वतः भरायचा, सेवा केंद्रात दुसऱ्याच्या मोबाईल नंबरवर नाही. तो नंबर चार वर्षं लागतो. अर्ज भरून झाला की काम संपलं असं नाही. तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे. दर पंधरा दिवसांनी स्थिती बघायची. 'सेंट बॅक' दिसलं तर त्रुटी काय ते वाचून लगेच दुरुस्त करायचं, मुदत संपली की वर्ष वाया. मंजूर झाल्यावर व्हाउचर येतं, ते रिडीम केल्याशिवाय पैसे हलत नाहीत. मुलं हेच विसरतात. आणि दर वर्षी नूतनीकरण, आपोआप काही होत नाही.

सगळी कागदपत्रं स्कॅन करून मुलीच्या मोबाईलमध्ये आणि तुमच्या मोबाईलमध्ये, दोन्हीकडे ठेवा.

शिवारातला
९ ऑगस्ट, रात्री ११:१०

प्रवेश झाला.

परवा पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेलो. ताईंनी सांगितल्याप्रमाणे अर्ज, दोन प्रती. खिडकीवरचा माणूस आधी 'साहेब नाहीत' म्हणाला. पोरगीच पुढं झाली आणि म्हणाली, मी थांबते, आवक शिक्का द्या. दीड तास उभी होती. मग आतून एक बाई आल्या, शासन निर्णयाचा कागद वाचला आणि विकास शुल्क व बाकीचे किरकोळ धरून १४ हजार २०० ची पावती फाडली. सव्वा लाखाची गोष्ट चौदा हजारांवर आली. पावती घरात देवापुढं ठेवलीय.

आधारचं बघितलं. संध्याताई, तुमच्यामुळं वाचलो, तेही भलत्याच खात्याला जोडलेलं निघालं, आजीच्या पेन्शनच्या वेळी उघडलेल्या जोडखात्याला. बदलून घेतलं. बँकेत अर्ज दिलाय, पोच घेतलीय. समितीच्या मुलाखतीला पुढच्या आठवड्यात बोलावलंय.

शेजाऱ्याला सांगितलं, जमीन द्यायची नाही.

शिवारातला
१८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

धागा वर आणतोय, हिशेब सांगायचा राहिला होता.

समितीच्या वसतिगृहात जागा मिळाली, तेव्हा ९५ हजारांचा खर्च निम्म्याहून खाली आला. महाडीबीटीचा अर्ज एकदा परत आला होता, उत्पन्नाच्या दाखल्याचा स्कॅन अंधुक होता. पोरीनं त्याच रात्री दुरुस्त केला. काल व्हाउचर आलं, रिडीम केलं. सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्ज अजून पडून आहे, जिल्हा कार्यालयात दोनदा जाऊन आलो, म्हणतात यादी लागेल. बँकेनं कर्ज मंजूर केलं ते साडेतीन लाखांपर्यंत, पण आतापर्यंत उचलले फक्त ४० हजार. व्याज दर महिन्याला दुधाच्या पैशातनं भरतोय. पहिल्या सत्रात सगळे विषय सुटले.

मेव्हण्यांनी परवा फोन केला, त्यांच्या मुलीचं पुढच्या वर्षी आहे, कागद काय काय लागतात म्हणून. हा धागा पाठवला.

उमरग्याची_आई
१९ फेब्रुवारी, दुपारी ४:१५

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझी मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे, सीईटी देणार आहे. आम्हीही ओबीसी, मिस्टर टेम्पो चालवतात. जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमधून गेलाय, पावती आहे. आत्तापासून काय करून ठेवू?

माजी_लिपिक_कराड
१९ फेब्रुवारी, सायंकाळी ६:०२

ताई, वेळेवर विचारलंत. पडताळणीची पावती जपून ठेवा आणि महिन्यातून एकदा जात पडताळणी समितीकडे स्थिती विचारा. त्रुटीचं पत्र आलं असेल तर ते बऱ्याचदा कॉलेजात पडून असतं, तेही बघा. मुलीच्या आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतं का, हे आज रात्रीच दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासा. उत्पन्नाचा दाखला एप्रिल लागल्यावर काढा, नव्या वर्षाचा.

नॉन-क्रिमीलेअर काढलेलं आहे का? असेल तर त्यावरची तारीख इथं लिहा, मी बघते.